मिठागरातले ऑफिसर

हंसा गच्चीवर जवळा वाळत घालायला निघाली की दिपिका बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसे. भोईरांचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, वर लगेच गच्ची. म्हणजे हंसाला एकच जिना चढायचा असे, पण त्या एका जिन्यात ती एवढं बोले की तळमजल्यावरच्या वाण्यालासुद्धा कळावं, आज भोईरांकडे काय वाळणार आहे.

"दिपे, ती जुनी चादर दे गो. आनि कावले हाकलाला काठी."

आतून नुसता नळाचा आवाज.

"पोट बिगडलं का तुजं? दर रविवारी कसं बिगडतं?"

दिपिका नळ सोडून द्यायची, म्हणजे ऐकू आलं नाही असं सांगता येई. पण काठी घेऊन तासभर उभं राहणं काही चुकत नसे. ती गच्चीवर अशी उभी राही की चेहरा पाण्याच्या टाकीच्या आड आणि काठी तेवढी उन्हात. कावळ्यांना या व्यवस्थेचा अर्थ पहिल्याच आठवड्यात कळला होता.

या बिल्डिंगमध्ये येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. गाव खाडीकाठचं, खारवली. रस्त्याकडेचं भातशेत बिल्डरने घेतलं आणि बदल्यात वसईत हा फ्लॅट दिला. नव्वदच्या दशकात त्या बाजूला निम्म्या गावांचं हेच झालं, त्यामुळे कोणी कोणाला नावं ठेवायचं कारण नव्हतं. शेत गेलं तरी मिठागर होतं. नथू भोईर वीस वर्षं तिथे मीठ ओढत होता आणि फ्लॅटमध्ये आल्यावरही रोज पहाटे सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरे. घरात बसून काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. धाकटा चिराग दोन दिवसांत बिल्डिंगचा झाला. त्याला बॅट दिसली की पुरे. दिपिकाचं तसं झालं नाही.

आठवीपर्यंत ती गावच्या शाळेत होती. तिथे ती हुशार, उंच, आवाजी. कबड्डीत पुढे, नाटकात राजा. नव्याण्णवच्या जूनमध्ये तिला वसईतल्या मोठ्या शाळेत नववीला घातलं आणि ही पोर दारातच आक्रसली. वर्गात फ्लॅटमधली मुलं होती, त्यांचे वडील मुंबईला नोकरीला. गिरीजकडची वाडीतली मुलं होती, पाचूबंदरहून येणारी कोळ्यांची दोघं-तिघं होती. कोणाच्याही बाकावर बसता आलं असतं. ती जाऊन बसली अनुष्का प्रधानशेजारी, कारण अनुष्काच्या दप्तराला चाकं होती.

"तुझे पप्पा काय करतात?" अनुष्काने पहिल्या मधल्या सुट्टीत विचारलं.

मिठागरावर वर्षातून एकदा जीपमधून एक गॉगलवाला साहेब यायचा. तो राशीभोवती एक फेरी मारी, वहीत काहीतरी लिही आणि नारळपाणी पिऊन निघून जाई. दिपिकाच्या तोंडून निघालं, "मिठाच्या कंपनीत ऑफिसर आहेत."

एवढंच. चार शब्द. पण असं खोटं बोलून मोकळं होता येत नाही, ते रोज पोसावं लागतं. दिपिका घरी जाताना दोन गल्ल्या उलट्या फिरून जाई, कोणाला बिल्डिंग कळू नये म्हणून. डब्यात कधी सुकट दिली तर ती बाहेर कुत्र्याला घालून उपाशी बसे. कुत्रा जाडा झाला. शाळेचा प्रवेश-अर्ज पुढच्या आठवड्यात भरून द्यायचा होता, त्यावर व्यवसायाच्या रकान्यात तिने स्वतःच्या अक्षरात 'ऑफिसर' लिहिलं, आणि नथूने जिथे सही करायला सांगितली तिथे मुकाट्याने केली. घरी सगळे पानी, कोन, मना असं बोलत, म्हणून ती आरशासमोर 'ण'चा सराव करी. तो इतका झाला की एकदा वर्गात ती 'मणापासून' म्हणाली, आणि मग आठवडाभर तिला "आज किती मण?" असं ऐकावं लागलं. आईला तिने शाळेत यायची बंदीच केली होती. हंसा म्हणाली, "मना कुठं हौस हाय." विषय संपला.

तिला सगळ्यात जास्त राग यायचा तो हिलरीचा. गिरीजचा हा मुलगा केळीच्या वाडीतला. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग, नखं कायमची काळपट, आणि घरची बोली वर्गात खुशाल बोलायचा. फ्लॅटमधली पोरं त्याला 'ए केळेवाल्या' म्हणत. त्यावर त्याने चिडावं की नाही? हा वही उघडून विचारी, "हां, बोल. किती डझन?" एकदा तर एकाने खरंच आईला विचारून दोन डझन सांगितली आणि हिलरीने दुसऱ्या दिवशी आणून दिली. दिपिकाला त्याच्याकडे बघवत नसे. पुढे पंचायत समितीच्या कचेरीत ती नोकरीला लागली, तिथे हा हिलरी वाडीचा दाखला घ्यायला आला, तेव्हा पहिलं वाक्य ती हेच बोलली म्हणतात, की तुझ्यामुळे माझी नववी कडू झाली. तो म्हणाला, "मी काय केलेलं?" आणि खरोखरच त्याने काही केलेलं नव्हतं.

तर माघ महिना आला. वर्गशिक्षिका संपदाबाई भूगोल शिकवत. ठाण्याहून येत, शाळेत पहिलंच वर्ष, आणि पुस्तकातलं प्रत्यक्ष दाखवलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट. शाळेतल्या जुन्या शिक्षकांना हा हट्ट एक दिवस उतरेल याची खात्री होती.

"मिठागर जवळून कोणी पाहिलंय?" बाईंनी विचारलं.

दिपिका वहीत समास आखू लागली. अनुष्का उभी राहिली.

"बाई, दिपिकाचे पप्पा मिठाच्या कंपनीत ऑफिसर आहेत. ते परमिशन देतील."

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?" बाईंचा चेहरा उजळला. "विचार हं त्यांना. माझं मोठं काम केलंस."

दिपिकाने समास इतका दाबून आखला की पान फाटलं.

संध्याकाळी नथू चहा पीत असताना ती समोर जाऊन उभी राहिली. "बाबा, आमच्या शाळेला मिठागर बघायचंय. तुमचं."

नथूने कप खाली ठेवला. "किती पोरं?"

"अडतीस."

"मंग मालकाला सांगतो. सरबत करू. कडेच्या वाफ्यात खडा चांगला धरलाय, तो तवर काढत नाय. मी दाखवतो बाईना, फावडं कसं वढायचं. पोरांच्या हातात पन देऊ." तो एवढं सलग सहसा बोलत नसे.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही येऊ नका."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. हंसा हात पुसत बाहेर आली.

"मी शाळेत सांगितलंय," दिपिका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "की तुम्ही ऑफिसर आहात."

"हा?" हंसाने नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला खाली बसावं लागलं. "अरे देवा, ऑफिसर. मंग तुजा पगार कुठं जातो रं?"

नथू हसला नाही, रागावलाही नाही. त्याने जरा विचार केला. "मंग ऑफिसर कुठं गेला म्हनून सांगशील?"

"मीटिंगला."

"बरं," नथू म्हणाला. "मीटिंगला."

त्याने भांडण केलं असतं तर दिपिकाला सोपं गेलं असतं. हा माणूस असा ऐकून घेतो याचाच तिला संताप आला.

"कवा हाय पन?" त्याने विचारलं.

"शनिवारी. माघी पौर्णिमेला. सकाळी साडेआठला पोचणार."

आता मात्र नथूच्या कपाळाला आठी पडली. "पुनवेला कोनी ठरवलं? दिपे, तुला ठाव नाय? पुनवेला बाराच्या ठोक्याला भरती. साडेनवापासून वाट बुडाली म्हनजे अडीचपर्यंत पोरं तिकडंच. बाईना सांग पुढच्या शनिवारी या. आठम लागते. सकाळी सहाला भरती होऊन जाते, दुपारपर्यंत पानी लांब."

दिपिकाला ठाऊक नव्हतं असं नाही. खारवलीत पाच वर्षांच्या पोरालाही हे बोटांवर येतं. पुनव-अवसेला बारा धरायचे, पुढे तिथीचे पाऊणपट तास केले की भरतीची वेळ मिळते. खाडीवरच्या माणसाची कामं घड्याळाने चालत नाहीत. मिठागराला जायची दगडी वाट ओढ्यावरून जाते आणि भरतीला तिच्यावरून कमरेएवढं पाणी वाहतं. लहानपणी बापाचा डबा घेऊन ती शंभर वेळा त्या वाटेने गेली होती आणि एकदाही भिजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या टेबलापाशी गेली.

"बाई, तारीख बदलता येईल का?"

"का?"

"असंच."

संपदाबाई आधीच कातावलेल्या होत्या. त्यांच्यासमोर पालकांच्या संमतिपत्रांचा गठ्ठा होता आणि त्यातल्या सहा जणांनी सही चुकीच्या जागी केली होती. "असंच म्हणजे? बसचं आरक्षण झालं, मुख्याध्यापकांची मंजुरी झाली. असंच कशी बदलू?"

"पौर्णिमा आहे ना त्या दिवशी."

"मग चांगलंच की. अमावास्या असती तर चार पालक तक्रार घेऊन आले असते. मी मुद्दाम चांगला दिवस बघून धरलाय." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "दिपिकाचा उपास असेल, बाई," आणि वर्ग हसला.

एक वाक्य बोलायचं होतं. बाई, त्या दिवशी दुपारी भरती असते आणि वाट बुडते. शहाण्या पोरीने एका श्वासात सांगितलं असतं. पण पुढचा प्रश्न 'तुला कसं माहीत' हाच येणार, आणि ऑफिसरच्या मुलीला तिथीवरून भरती मोजता येत नाही. दिपिका जागेवर जाऊन बसली. संध्याकाळी नथूने विचारलं, "सांगितलंस बाईना?" ती "हो" म्हणाली. त्याने विश्वास ठेवला.

शनिवारी साडेआठला बस खाडीच्या बांधापाशी थांबली. ओढ्यात पाणी खोल खाली होतं, दोन्ही काठांना ओला काळा चिखल, त्यावर निवट्या टणटण उड्या मारत होत्या.

"ई, हे काय मासे आहेत की बेडूक?" अनुष्काने फ्रॉक आवरून विचारलं. तिने नव्या पांढऱ्या सँडल घातल्या होत्या. शिकायला जाताना माणूस काय घालून जातो, यावर बाईंचं बसमध्ये अर्धा तास सांगून झालं होतं.

"मला काय माहीत," दिपिका म्हणाली. निवट्या पकडण्यात तिचा हात गावात कोणी धरू शकत नव्हतं.

वाटेच्या दगडांवर ती मुद्दाम अडखळत चालली. हिलरी मागून म्हणाला, "अगं, तू तर अशी चालतेस जशी पायाला फोड आलाय."

पलीकडे मिठागर उन्हात लखलखत होतं. पौर्णिमेच्या भरतीला समुद्राचं पाणी आत घ्यायचं असतं, म्हणून सगळे मजूर पार टोकाला उघाडीच्या दारापाशी गेले होते. जवळ फक्त बारकीमावशी, मिठाच्या राशीशेजारी टोपली पालथी घालून तिच्यावर बसलेली. नथूबरोबर पंधरा वर्षं काम करणारी बाई. दिपिकाच्या बारशाला तिने पाळणा म्हटला होता.

"मावशी," संपदाबाईंनी विचारलं, "ऑफिसरसाहेब कुठे भेटतील?"

"कोन साहेब?"

"भोईरसाहेब."

बारकीमावशीने दिपिकाकडे पाहिलं. मग घाईने मिठाकडे पाहिलं. मग आभाळाकडे. तिच्यावर मोठी जबाबदारी टाकलेली होती आणि ती पार पाडायचा तिचा निश्चय होता.

"नथूदादा आज मीटिंगला हाय," ती म्हणाली. "आनि त्या पोरीला आमी वळखायचं नाय."

"कोणत्या पोरीला?"

"ते मी सांगनार नाय."

अडतीसपैकी सदतीस डोकी वळली, कारण एकच मुलगी स्वतःच्या बुटाची नाडी इतक्या बारकाईने तपासत होती.

"दिपिका?" बाई म्हणाल्या. "या तुझ्या ओळखीच्या आहेत का?"

"नाही," दिपिका म्हणाली. "मी ओळखत नाही यांना."

बारकीमावशीने समाधानाने मान हलवली. पोरगी सांगितल्याप्रमाणे वागत होती. दिपिकाला वाटलं, ही बाई आता शाबास म्हणते की काय.

बाईंनी जास्त विचारलं नाही. त्यांना सोडियम क्लोराइडकडे वळायचं होतं. मुलांना वाफ्याच्या बांधावर ओळीने बसवून त्या सांगू लागल्या, मुलं लिहू लागली. दिपिका एकटी ओढ्याकडे बघत होती. नऊला चिखलातली खेकड्यांची भोकं दिसेनाशी झाली. सव्वानऊला पाण्यावरून एक नारळाची झावळी उलटी, जमिनीच्या दिशेने जाताना दिसली. आता उठलो तर कोरडे जाऊ, तिने हिशेब केला. अजून पाच मिनिटं आहेत. अजून चार. बोल ना, मूर्ख. पण मघाशी 'ओळखत नाही' म्हणून झालं होतं, आणि एकदा तसं म्हटल्यावर पाण्याला तरी ओळखायचं कसं?

शेवटी ती उठली. "बाई, निघायला पाहिजे."

"आत्ता तर आलो. खाली बस."

"पाणी येतंय, बाई."

"समुद्राचं पाणी आहे, ते येणारच. त्याच्यावरच तर हा धडा आहे. बस म्हटलं ना. आकृती काढून होईपर्यंत कोणी हलायचं नाही."

"बाई, ती वाट बुडनार," दिपिका ओरडली. आवाज थेट हंसाचा, तीन मजले ऐकणारा. "पुनवेची भरती हाय ही. आत्ता निगाला पायजे, नायतर दुपारपर्यंत इथंच बसाला लागेल. उठा सगली."

सगळी उठली. बाईसुद्धा.

पण ओढ्यापाशी पोचेपर्यंत वाट गेली होती. दगडांवरून गुडघाभर गढूळ पाणी जोरात वाहत होतं.

"गुडघ्याएवढंच तर आहे," बाई म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता. "एकमेकांचे हात धरून—"

"नाय," दिपिका त्यांच्या आडवी उभी राहिली. "दगड दिसत नाय आता. बाजूला पाय पडला तर चिखल कमरेपर्यंत घेतो. मोठी मानसं पन उतरत नाय."

"बरोबर बोलते पोर," बारकीमावशी मागून म्हणाली. "कोन हाय ते ठाव नाय, पन बरोबर बोलते."

दोनच गोष्टी उरल्या होत्या. सावलीचं एक पान नसलेल्या जागी अडीचपर्यंत बसायचं, किंवा मोठ्या बांधाने उघाडीवरून वळसा घालून खारवलीच्या रस्त्याला लागायचं. चार किलोमीटर. पाण्याच्या बाटल्या निम्म्या रिकाम्या होत्या आणि दोन मुली केव्हापासून बाईंच्या कानात काहीतरी सांगत होत्या. निघावंच लागलं. बांध जेमतेम दोन माणसांच्या रुंदीचा. दिपिका पुढे, कारण कुठे माती पोकळ आहे ते तिलाच ठाऊक, आणि मागे सदतीस जणांची कुरकुर. कोणाची वही पडली, कोणाला घरी टीव्हीवर मॅच होती, कोणी सारखं विचारत होतं अजून किती. अनुष्काची एक सँडल चिखलाने घेतली ती दिली नाही. हिलरीने दप्तरातून केळी काढून वाटली, तर त्यातही कोणालातरी पिकलेलं नको होतं.

संपदाबाई घामाघूम होऊन दिपिकाच्या बरोबरीला आल्या.

"तुला हे आधी माहीत होतं?"

"हो."

"तारीख बदला म्हणालीस ती म्हणूनच?"

"हो."

"मग सांगायला काय झालं होतं? अगं, मला कायमचं घरी बसवलं असतं ना उद्या. एखादं पोर त्या पाण्यात उतरलं असतं तर?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, तुला कसं कळलं." दिपिका थांबली नाही, मागेही वळली नाही. "माझे बाबा ऑफिसर नाहीत. इथे मीठ ओढतात. ती बारकीमावशी आमच्या घरची आहे. आम्ही खारवलीचे."

म्हणजे आठ महिने जपलेलं ते असं बांधावर, उन्हात, दम लागलेला असताना बाहेर पडलं. मागे शांतता पसरेल, निदान कोणी 'काय?' म्हणेल, अशी तिची अपेक्षा होती.

"माहितीये," अनुष्का म्हणाली. ती एक पाय अनवाणी लंगडत होती आणि तिला या विषयापेक्षा खडे जास्त टोचत होते.

"काय माहितीये?"

"सगळंच. आमची गॅलरी तुमच्या गच्चीसमोर आहे. जूनपासून बघतेय. तुझी मम्मी जवळा घालते आणि तू टाकीच्या मागे लपून काठी हलवतेस. पप्पा म्हणतात, ही कसली नवीन पद्धत."

"वर्गात कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना," मागून दोघं-तिघं म्हणाली. हिलरी म्हणाला, "मला नव्हतं हां. मला वाटलेलं, तुझे पप्पा खरंच ऑफिसर." एवढ्या वर्गात तिचं खोटं खरं मानणारा निघाला तो हाच.

"मग त्या दिवशी उठून बाईंना सांगितलंस ते?" दिपिकाने अनुष्काला विचारलं.

अनुष्काने खांदे उडवले. "बघायचं होतं, काय करतेस."

दिपिकाला तिला तिथेच चिखलात ढकलावंसं वाटलं, आणि बांध थोडा रुंद असता तर तिने ते केलंही असतं. दोन गल्ल्यांचा रोजचा वळसा, कुत्र्याला घातलेली सुकट, आरशासमोरचा तो 'ण', सगळं एका गॅलरीतून आरामात दिसत होतं. केवढी मेहनत आणि किती फुकट. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो नुसता कंटाळा. एवढा कंटाळा की आता कोणी काय म्हणेल याचा विचार करायलाही अंगात त्राण नव्हतं. तिने बूट काढून हातात घेतले आणि बांधावर चालायची तिची जी मूळ रीत होती तशी ती झपझप चालू लागली. मागची पळू लागली.

"ए, हळू ना यार."

"हळू चाललं तर पाय रुततो. चला."

साडेअकराला सगळे खारवलीच्या रस्त्याला लागले, धड, कोरडे नाही पण जिवंत, आणि बस मागवायला आणखी पाऊण तास गेला.

घरी नथू इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसला होता. सकाळपासून तो गॅलरीतसुद्धा गेला नव्हता, कोणी पाहील म्हणून. "मीटिंग संपली का माजी?" त्याने विचारलं.

"तुम्ही माझं ऐकलंत कशाला?" दिपिका दप्तर फेकून म्हणाली. "एक थोबाडीत द्यायची होती."

"का, काय झालं?"

तिने सांगितलं. बारकीमावशीचं ऐकून त्याच्या मिश्या हलल्या. मग पाण्याचं आलं.

"म्हनजे तू बाईना सांगितलंच नव्हतंस?"

"नाही."

नथू उभा राहिला. बाप ऑफिसर झाला, बापाला घरी बसवलं, तेव्हा न चढलेला आवाज आता चढला. "अडतीस पोरं, दिपे. मना काय म्हनायचं ते म्हन. चपराशी म्हन, कलेक्टर म्हन. पानी येतंय ते ठाव असून गप बसलीस? खाडीवरच्या मानसाचं पोर हायस तू, का कोन हायस?"

हंसा दारात उभी होती. तिने नवऱ्याच्या बाजूने मान हलवली. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

सोमवारी बाईंनी नथूला शाळेत बोलावलं. तो शिक्षकांच्या खोलीत टेबलापुढे उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. संपदाबाईंचं नाक उन्हाने सोललं होतं, आणि मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला होता, तो टेबलावर अर्धवट पडला होता. त्यांनी प्रवेश-अर्ज समोर ओढला.

"भोईर, आधी ही नोंद दुरुस्त करू. तुम्ही काय काम करता?"

नथूने बाईंकडे पाहिलं आणि मग मान वळवून दिपिकाकडे. त्याने विचारलं नाही, पण तो थांबला होता. इथे काय सांगायचं ते तिने ठरवायचं, असं त्याच्या डोक्यात अजून होतं.

"माझ्याकडे काय बघताय, बाबा?" दिपिका वैतागून म्हणाली. "मीठ काढतात, बाई. खारवलीच्या मिठागरात. लिहा."

बाईंनी 'ऑफिसर' खोडलं आणि वर लिहिलं. मग पेन तसंच हातात धरून त्या म्हणाल्या, "धडा अर्धाच राहिला. मुलांच्या आकृत्या झाल्या नाहीत. परत न्यायचं म्हटलं तर कधी न्यायचं? या वेळी तुम्हीच सांगा."

"आठमीला या," नथू म्हणाला.

"म्हणजे तारीख कोणती?"

"येत्या शनवारी."

"शनवारी सातम हाय, बाबा," दिपिका म्हणाली.

"सातम शुक्रवारी."

"शुक्रवारी कशी? पुनव शनवारी होती ना? मोजा. रविवार एक, सोमवार दोन—"

"एक तिथी मदी पलते. तुला काय ठाव."

"पलते तर मंग भरती किती वाजता येनार? मोजून सांगा बाईना, परत माजी पोरं बुडवू नका."

दोघं टेबलाच्या दोन बाजूंनी बोटं मोजत होते. खोलीचं दार सताड उघडं होतं आणि बाहेरून नववीची रांग कवायतीला चालली होती. रांगेतून अनुष्काने आत डोकावून पाहिलं. दिपिकाने तिला पाहिलं आणि मोजणं चुकलं म्हणून पुन्हा एकपासून सुरू केलं, मोठ्याने.